सरकारी ठेव दुसऱ्याच्या घरी, मोजदाद कोणी करायची?

माननीय संपादक,

दरवर्षी १८ मेच्या आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिनानिमित्त वर्तमानपत्रांत नव्या दालनांची छायाचित्रे येतात. मला लिहायचे आहे ते दालनात कधीच न मांडल्या गेलेल्या वस्तूंविषयी, त्यातही मालकी सरकारची आणि राखण दुसऱ्याच संस्थेकडे अशा वस्तूंविषयी. पोथ्यांच्या सूची करण्यात माझी उमेदीची वर्षे गेली, म्हणून उदाहरणही पोथ्यांचेच घेतो.

मुंबई सरकारने १८६६ पासून हस्तलिखिते जमवायला सुरुवात केली. ब्यूलर, कीलहॉर्न, पीटरसन आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर अशा विद्वानांनी गावोगाव फिरून सतरा हजारांहून अधिक पोथ्या मिळवल्या. त्या आधी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात होत्या, मग पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आल्या. १९१७ मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था स्थापन झाली आणि १ एप्रिल १९१८ रोजी सरकारने हा संग्रह तिच्या हवाली केला. हवाली केला, दान दिला नाही. संस्थेने छापलेल्या वर्णनात्मक सूचीच्या इंग्रजी नावातच ‘संस्थेत ठेवलेले सरकारी संग्रह’ असा उल्लेख आहे. ब्यूलर यांनी काश्मीरहून आणलेली ऋग्वेदाची भूर्जपत्रावरची शारदा लिपीतली पोथी आजही ५/१८७५-७६ (म्हणजे १८७५-७६ च्या संग्रहातली पाचवी) याच क्रमांकाने ओळखली जाते. संस्थेतल्या ऋग्वेदाच्या तीस पोथ्यांची युनेस्कोने २००७ मध्ये जागतिक स्मृतिपटावर नोंद केली, त्यांतली ही एक. संग्रह किती जागा फिरला, तरी क्रमांक बदलला नाही म्हणून माग राहिला. परशुराम कृष्ण गोडे यांच्यासारख्या अभिरक्षकाने १९१९ पासून चार दशके त्यात घातली, हेही कृतज्ञतेने सांगायला हवे.

पण ठेवणाऱ्याचे काम ठेव सोपवून संपत नाही. आपण बँकेत लॉकर घेतला तरी वर्षातून एकदा जाऊन उघडून बघतो. सरकारने आपल्या ठेवी शेवटच्या कधी आणि कशा मोजल्या?

‘कशा’ हे मुद्दाम विचारतो. पोथी शिवलेली नसते. दोन लाकडी पाट्यांच्या मध्ये सुटी पाने आणि वरून खारव्याचे लाल फडके, एवढाच तिचा संसार. प्रत्येक पानाच्या पाठीमागे समासात ग्रंथाचे आखूड नाव आणि पानाचा आकडा लिहिलेला असतो. चुकलेले अक्षर हरताळाच्या, म्हणजे एका पिवळ्या खनिजाच्या, पुटाने झाकलेले असते. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तिथूनच आला. अशा गठ्ठ्यातून चार पाने गेली तर बाहेरून काहीच कळत नाही. फडके तेच, चिठ्ठी तीच, यादीपुढे ‘आहे’ अशी खूण. त्यामुळे गठ्ठे मोजून भागत नाही, पाने मोजावी लागतात. ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर संस्थेवर हल्ला झाला, कपाटे उलथली गेली, ग्रंथ आणि पोथ्या विखुरल्या. अशा वेळी काय गेले हे सांगायचे तर आधी काय होते याची पानापर्यंतची नोंद हाताशी लागते.

एका वेगळ्याच, लहान गावातल्या संस्थेत (नाव घेत नाही) मी पडताळणीला गेलो होतो. सरकारकडून आलेली दप्तरे जागच्या जागी होती, पण त्यांवरच्या क्रमांकाच्या चिठ्ठ्या खळीने डकवलेल्या होत्या. खळ हे कसरीचे, म्हणजे कागद खाणाऱ्या किडीचे, आवडते खाद्य. चिठ्ठ्यांच्या जागी नुसती जाळी उरली होती आणि कोणते दप्तर यादीतले कोणते, हे ठरवण्यात आमचे दहा दिवस गेले. दुरुस्तीचे विचारले तर संस्थेचे लोक म्हणाले, वस्तू सरकारची आहे, आम्हाला हात लावता येत नाही. सरकारी कचेरीत उत्तर मिळाले, वस्तू त्यांच्या ताब्यात आहे, काळजी त्यांनी घ्यायची. दोन घरचा पाहुणा उपाशी! त्यांतल्या कोणाचाही हेतू वाईट नव्हता. खर्च कोणाचा, हे कुठेही लिहून ठेवलेले नव्हते, एवढेच.

उत्खननातल्या वस्तूंचेही तसेच. खापरावर शाईने स्थळ, खंदक आणि थर लिहिलेला असतो. तो पुसला, की हजारो वर्षांपूर्वीचे खापर आणि उकिरड्यावरचे खापर सारखेच.

अमेरिकेत सरकारी जमिनीवरच्या उत्खननातल्या वस्तू विद्यापीठांच्या आणि संग्रहालयांच्या कोठारांत राहतात. त्यासाठी तिथल्या केंद्र सरकारने १९९० मध्ये नियमच केले. वस्तू कोठेही असो, मालकी सरकारची. राखणाऱ्याशी लेखी करार. ठरावीक काळाने तपासणी आणि मोजदाद. यात न जमण्यासारखे काय आहे?

२०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ‘ज्ञान भारतम’ मोहीम जाहीर झाली, एक कोटीहून अधिक हस्तलिखितांची पाहणी आणि जतन करण्यासाठी. त्याचे मनापासून स्वागत. मात्र स्कॅन केलेले पान संगणकावर आले म्हणून मूळ पानाची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न सुटत नाही.

राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला आणि पुराभिलेख संचालनालयाला माझी विनंती आहे. राज्य सरकारच्या मालकीचा कोणता संग्रह कोणत्या संस्थेत, कोणत्या तारखेपासून आणि कोणत्या पत्रान्वये आहे, याची यादी करून ती लोकांपुढे ठेवा. प्रत्येक संस्थेशी नव्याने करार करा आणि कपाटे, कसर-वाळवीचा बंदोबस्त व माणसांचा पगार यांचा वाटा त्यात रुपयांत लिहा. अनुदान न देता नुसती तपासणी धाडणे हा या संस्थांवर अन्याय होईल. त्यांनी शंभर वर्षे आपले धन सांभाळले आहे. आणि मोजदादीला सरकारचा एक व संस्थेचा एक असे दोघे एकत्र बसवा, फडके सोडून, पाने मोजून, दोघांच्या सह्यांनिशी. सुरुवात येत्या १ एप्रिलला करता येईल. १९१८ मध्ये पोथ्या सोपवल्या त्याची तीच तारीख आहे.

आपला,
एक निवृत्त सूचिकार, पुणे