अण्णा, जुन्या गाडीची किल्ली मामाकडे द्या

हडपसर, पुणे
कोजागरीचा दुसरा दिवस

ती. अण्णा आणि आई,
सा. न.

गाडी घेतली. पहिल्याच ओळीत लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना अण्णा दर वाक्याला "म्हणजे घेतली की काय?" विचारत बसणार नाहीत. नवी कोरी पिकअप, पांढरी, डिझेलवरची. दसऱ्याला हातात आली. पासिंग झालं, पिवळी पाटी लागली. मामाला माहीत होतं, पण त्याला बोलू नका. मीच शपथ घातली होती. फोनवर सांगितलं असतं तर अण्णा "बरं, बरं" म्हणून फोन आईकडे देतात आणि मग आम्ही दोघी मेथीच्या भावावर बोलत राहतो. म्हणून पत्र. आई, मधला मजकूर त्यांना गाळू देऊ नकोस.

आधी पैशांचं, कारण तुझा जीव तिथेच अडकला असणार. पाटल्या मोडलेल्या नाहीत. लॉकरमध्ये आहेत तशाच आहेत. डाऊन पेमेंट आमच्या दोघांच्या साठवणीतून केलं, बाकी कर्ज माझ्या नावावर. हप्ता जातो तो मी आजवर भाड्याच्या टेम्पोवाल्यांना देत होते त्यातूनच जातो, उलट सीझनमध्ये थोडे उरतात. पोस्टातली एफडी मोडायचा विचार अण्णांनी मनातसुद्धा आणायचा नाही. दादाच्या वेळी मोडली तेवढी पुरे.

"नवी कशाला? तीन-चार वर्षं चाललेली निम्म्यात मिळाली असती." हे मला इथे बसून ऐकू येतंय. बघितल्या हो, जुन्याही बघितल्या. एकीचा मीटर मागे फिरवलेला होता हे क्लचचं पॅडल बघूनच कळलं. पॅडलचं रबर गुळगुळीत झालेलं आणि काटा दाखवतोय नवरीसारखा! दुसरीच्या आरसी बुकावर फायनान्सचा बोजा तसाच. आणि पिवळ्या पाटीच्या गाडीचं तुम्हाला मी काय सांगायचं? नवीला पहिली दोन वर्षं फिटनेस बघावं लागत नाही, मग आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, आणि त्यानंतर दरवर्षी आरटीओच्या दारात. आपल्या जुन्या गाडीपायी तुमचे किती दिवस त्या रांगेत गेले ते मी पाहिलंय.

टाटाचा छोटा हत्ती टेम्पो घ्यावा असं अण्णांच्या मनात २००५ पासून आहे, तो बाजारात आला तेव्हापासून. माझ्याही मनात होतं. गल्लीबोळात तो बरा, वळायला सोपा, हप्ताही हलका. पण आपला माल घाट उतरतो, चढत नाही. सासवडहून निघताना क्रेट भरलेले आणि परत येताना रिकामे. म्हणजे दिवे घाटात आपल्याला इंजिनाच्या ताकदीपेक्षा ब्रेक आणि गाडीचं वजन जास्त कामाचं. ओझं गाडीच्या कुवतीच्या निम्म्यावर राहिलं की ब्रेक थंड राहतात, हे तुमचंच. सीएनजीचाही विचार केला. डिझेलपेक्षा स्वस्त पडतं, नाही असं नाही. पण पहाटे माल घेऊन निघायचं आणि पंपावर रांगेत उभं राहायचं हे अंजिराला परवडत नाही. सीताफळ एक दिवस ऐकून घेतं, अंजीर नाही.

लायसन्सवरून दादानं घाबरवलं असेल तर सांगते. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी निकाल दिलाय. साध्या एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीच्या लायसन्सवर साडेसात हजार किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते. आपली त्याच्या निम्म्यातही भरते. विमा पूर्ण आहे, शिवाय चालवणाऱ्या मालकाचा १५ लाखांचा अपघात विमा. (आई, हे वाचून देवाला नारळ कबूल करू नकोस. तो सगळ्यांनाच घ्यावा लागतो.)

गाडी ठेवायचा घोळ मात्र झाला. सोसायटीत पिवळी पाटी चालत नाही. चार चाकांची दुधासारखी पांढरी मोटार दोन-दोन जागा अडवून उभी राहिली तरी चालते, पण आपल्या गाडीनं सोसायटीची शोभा जाते म्हणे. ज्यांनी हे सांगितलं त्यांच्याच घरी आपली सीताफळं जातात. असो. फुरसुंगीत एका नर्सरीच्या आवारात महिन्याच्या भाड्यानं जागा मिळाली. रात्री राखणदार असतो, वर पत्रा आहे. आणि सासवड रस्त्यालाच असल्यामुळे तुमच्याकडे यायला हडपसरच्या गर्दीत शिरावंच लागत नाही.

आता देखभालीचं. हे अण्णांसाठी, आईनं उडी मारली तरी चालेल.

तुमच्यासारखी वही केलीय. निळ्या पुठ्ठ्याची मिळाली नाही, लाल आहे. पहिल्या पानावर किलोमीटर आणि तारीख. पहिले हजार किलोमीटर पूर्ण लोड घालायचा नाही, एकाच वेगानं तासन्‌तास पळवायची नाही आणि पिळायचीही नाही, ते पाळतेय. चाकांचे नट पहिल्या फेऱ्यांनंतर पुन्हा आवळून घेतले, स्प्रिंगच्या पाट्यांचे यू-बोल्टसुद्धा. शोरूमच्या पोरानं "मॅडम, गरज नाही, पहिल्या सर्व्हिसला करू" म्हटलं. मी म्हटलं, माझ्या अण्णांना विचार. ग्रीसिंग तिथे करून देतात, पण मी खाली वाकून निपल बघते, नवं ग्रीस बाहेर आलंय का ते. सर्व्हिस किलोमीटरनं किंवा महिन्यांनी, जे आधी येईल त्याप्रमाणे करायची. वॉरंटी असेतोवर कंपनीच्या वर्कशॉपमध्येच, मग कुणी कितीही स्वस्तात ऑइल बदलून देतो म्हणू दे. रिकाम्या आणि भरल्या गाडीला मागच्या टायरची हवा वेगळी लागते, त्याचा तक्ता दारावरच चिकटवलेला आहे. डिझेल फिल्टरखालचा बोल्ट सैल करून पाणी काढायचं मला येतं. ते मी आठवीत असतानाच शिकले, तुमच्या खाली टॉर्च धरून. तुम्ही "इकडं, इकडं" म्हणायचात आणि मी दर वेळी टॉर्च तुमच्या डोळ्यांवर मारायचे.

एक गोष्ट मात्र तुमच्या गाड्यांत नव्हती. या बीएस-सहा डिझेल गाडीच्या धुराच्या वाटेत एक गाळणी असते, त्यात काजळी साठते. गाडी तापून एका वेगानं बराच वेळ चालली की काजळी आपोआप जळून जाते. पण मगरपट्टा ते कोथरूड अशी सारखी थांबत-थांबत चालली तर जळत नाही, साठत राहते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. तो दिवा दिसूनही दुर्लक्ष केलं की गाडी जोर सोडते, मग वर्कशॉप. म्हणून अधूनमधून सोलापूर रस्त्यानं उरुळीपर्यंत एका दमात जाऊन येते. सकाळी उठल्या-उठल्या दहा मिनिटं रेस देत बसायची गरज या इंजिनाला नाही. घाट चढून आल्यावर मात्र लगेच बंद करायची नाही, अर्धा-एक मिनिट तशीच चालू ठेवायची, टर्बो थंड होऊ द्यायचा. हे लिहून ठेवतेय कारण मला माहीत आहे, मी पाणी प्यायला घरात शिरले की तुम्ही जाऊन किल्ली फिरवणार.

आणि हो, कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार. तिथल्या अपघातांची कात्रणं तुम्ही मामाच्या हाती पाठवता, ती सगळी वाचते. डिझेल वाचवायला मी कुठल्याच उतारावर गाडी न्यूट्रलला टाकत नाही. ज्या गिअरमध्ये चढायची त्याच गिअरमध्ये उतरायची.

लहानपणी पहाटे मार्केट यार्डला निघताना तुम्ही मला झोपेतच उचलून मधल्या सीटवर ठेवायचात ना, गिअर टाकताना दांडा गुडघ्याला लागायचा. आई, तुझा पदर माझ्या कानावरून. गुलटेकडीत उजाडेपर्यंत मला जग कळायचं नाही. नव्या गाडीत गिअरचा दांडा तसाच मधे आहे, मी पहिल्यांदा बसले तेव्हा पाय आपोआप बाजूला घेतला.

अण्णा, आता मुद्द्याचं.

गाडी मी धंद्यासाठी घेतली हे खरं. सोसायट्यांची मागणी वाढलीय, २०१६ पासून फळं-भाजी बाजार समितीबाहेर विकायला मोकळीक आहे, वाटाण्यांच्या काकांचाही माल मी उचलू शकते, हे सगळं खरं. पण भाड्यानं टेम्पो घेऊन ते आणखी दोन वर्षं निभलं असतं. घाई केली ती वडकीला जे झालं त्यामुळे. तुम्ही म्हणता काही झालं नाही, नुसती झापड आली. बरं, झापड. डॉक्टरांनी गाडी चालवू नका असं म्हटलेलं नाही, हेही मी मान्य करते. "रात्रीचं टाळा" एवढंच म्हणाले. पण आपला धंदाच रात्रीचा. अंजिराचा खट्टा बहार सुरू झाला की तुम्ही तोडा आटोपून, दोन घास न खाता निघणार, रक्त पातळ व्हायची गोळी विसरणार, आणि आई दारात उभी राहून फोन येईपर्यंत आत जाणार नाही. ती मला कधी सांगत नाही. मला कळतं.

म्हणून बहार सुरू व्हायच्या आत जुनी गाडी थांबवायची. तिची पंधरा वर्षं कधीच झाली. पुढच्या फिटनेसचा खर्च तिच्या किमतीपेक्षा जास्त होईल. विकायची की भंगारात द्यायची ते तुम्ही ठरवा, मी त्यात पडणार नाही. गोठ्यामागे उभी ठेवायची म्हणालात तरी माझी ना नाही. फक्त किल्ली मामाकडे द्या. रविवारी तो येईल. त्याच्याशी वाद घालू नका, त्याला मीच पाठवलंय.

तुम्हाला गाडी येत नाही म्हणून नाही हो हे. पुरंदरात तुमच्याइतका अलगद घाट उतरणारा माणूस मी पाहिलेला नाही, क्रेटमधलं फळ फळाला लागत नाही. म्हणून तर शेजारी तुम्हीच लागणार. आडत्याशी बोलायला मला अजून जमत नाही, तो माझ्याकडे बघून पट्टी लिहितो आणि तुमच्याकडे बघून वेगळी लिहितो. दिवसा, रिकाम्या गाडीनं, मी शेजारी असताना सासवडपर्यंत चालवा की. एसी आहे, पॉवर स्टिअरिंग आहे, दोन बोटांनी वळते. तुम्हाला आवडणार नाही, सांगून ठेवते. म्हणाल यात काय मजा.

आई, तुझ्यासाठी दाराखाली एक जास्तीची पायरी बसवून घेतलीय, गुडघा वर उचलावा लागणार नाही. सीटवर जाड गादी टाकलीय. दिवाळीच्या आत दुसऱ्या डोळ्याचं दाखवून घ्यायचं, तुला घेऊन येते आणि त्याच संध्याकाळी परत सोडते. "गाईला कोण बघणार" ऐकणार नाही, वाटाण्यांच्या काकूंशी बोलणं झालंय. क्रेट उचलायचे नाहीत. अंगणात चुलीवर पाणी तापवायचं नाही, गीझर शोभेला नाही लावला. बिल माझ्याकडे पाठव. अण्णांच्या सकाळच्या गोळ्या आणि रात्रीच्या गोळ्या वेगळ्या डबीत ठेव, एकाच स्टीलच्या डब्यात नको.

मंगळवारी पहाटे पाचला येते. माल कमीच भरायचा आहे, अजून हजार किलोमीटर व्हायचेत, त्यामुळे शेजाऱ्यांना निरोप देऊ नका. क्रेट मी धुऊन आणते. लिंबू-मिरची बांधायची असेल तर पुढच्या बंपरला बांधा अण्णा, आरशाला नको. आणि चहाला दूध जास्त ठेव आई, जावईबापूही येतायत.

तुमची धाकटी