प्रयोग उंदरांवर की माणसांवर, ते मथळ्यातच सांगा

महोदय,

मी ३१ वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले. ‘तंतुकणिका हे पेशीचे ऊर्जाकेंद्र’ हे वाक्य फळ्यावर किती वेळा लिहिले असेल, गणती नाही. पण हृदयाच्या स्नायुपेशीतली जवळजवळ एक तृतीयांश जागा या तंतुकणिकांनीच व्यापलेली असते, हे यजमानांच्या आजारपणात वाचायला बसले तेव्हा कळले.

टू-डी इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) त्यांचे पंपिंग, म्हणजे दर ठोक्याला हृदय बाहेर ढकलते त्या रक्ताचे प्रमाण, अवघे ३० टक्के निघाले. पाच गोळ्या सुरू झाल्या आणि तीन महिन्यांत ते न थांबता जिना चढू लागले. मग कुणीतरी मोबाइलवर एक कात्रण धाडले: हळदीतले कर्क्युमिन आणि द्राक्षाच्या सालीतले रेझवेराट्रॉल तंतुकणिकांना नवे बळ देते, हृदयरुग्णांना वरदान! घरात अर्जुन वृक्षाच्या सालीचा क्षीरपाक (दुधातला काढा) उकळू लागला. त्याला माझा विरोध नव्हता. पण यजमानांनी मला न सांगता गोळ्या बंद केल्या होत्या. अकराव्या दिवशी त्यांचे मोजे काढताना घोट्यावर रबराचा खोल वळ दिसला. बोटाने दाबले तर खळगा तसाच राहिला; पायात पाणी साठले होते. त्या रात्री पाठीशी तीन उशा लावूनही त्यांना धाप आवरेना. चार दिवस दवाखान्यात काढावे लागले.

ते कात्रण मी नंतर शेवटपर्यंत वाचले. प्रयोग उंदरांवर होता, हे अगदी तळाच्या परिच्छेदात होते. कर्क्युमिन तोंडाने घेतले तर रक्तात फारच थोडे उतरते, याचा तर उल्लेखही नव्हता.

वनस्पतींना मी कमी लेखत नाही. यजमानांच्या डबीतली डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाची पाव मिलिग्रॅमची गोळी फॉक्सग्लोव्ह जातीच्या झाडातूनच आली. विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरांनी वीसेक वनस्पतींच्या एका घरगुती काढ्यातून नेमके तेच पान हेरले, वर्षानुवर्षे मात्रा तपासली आणि १७८५मध्ये गुण-दोषांसकट सारे छापले. मात्रा चुकली तर तेच पान जिवावर उठते. म्हणून तर आमच्या डॉक्टरांनी त्या गोळीला शनिवार-रविवार सुट्टी दिली आहे. डापाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळीचे मूळही सफरचंदाच्या झाडाच्या सालीत १८३५मध्ये सापडलेल्या द्रव्यात आहे. पण सालीपासून गोळीपर्यंत यायला दीडशेहून अधिक वर्षे लागली. २०१९मध्ये ४,७०० हून अधिक हृदयरुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले, तेव्हा कुठे ती मधुमेहाची गोळी हृदयासाठीही मान्य झाली.

अर्जुनाचीही अशी परीक्षा झाली आहे. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी १०० रुग्णांना नेहमीची औषधे चालू ठेवून १२ आठवडे काहींना अर्जुनाचा अर्क, तर काहींना तसेच दिसणारे पण औषध नसलेले काही दिले. अर्काने पंपिंग वाढले नाही, काहींची चालण्या-फिरण्याची ताकद मात्र थोडी सुधारली. हे असेच, दोन्ही बाजूंनी, वाचकांपुढे यायला हवे.

म्हणून एक कळकळीची विनंती. अशा बातमीत प्रयोग उंदरांवर, काचेच्या बशीतल्या पेशींवर की माणसांवर झाला, हे मथळ्यातच द्या. किती जणांवर, किती दिवस आणि चालू औषधांसोबत की त्यांच्याऐवजी, हेही पहिल्या परिच्छेदात येऊ द्या. माझ्या यजमानांसारखे वाचक तळापर्यंत पोहोचत नाहीत.

– एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, कराड