बंदूक, परवाना आणि खुनांचे आकडे

बाल्टिमोर

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

अमेरिकेत बंदुकीचे कायदे कडक केले तर खून कमी होतात का, असं तुम्ही विचारलंत. कोणता कायदा, हे ठरवल्याशिवाय याला उत्तर नाही.

आधी एक गोष्ट. बंदुकांमुळे चोऱ्यामाऱ्या वाढतात म्हणण्यापेक्षा त्यांच्यामुळे हल्ल्यांत माणसं जास्त मरतात, हे नेमकं. गुन्हेगारीचे अभ्यासक फ्रँकलिन झिमरिंग यांनी 1968 साली शिकागो पोलिसांच्या नोंदी तपासल्या. हल्ले बरेचसे भांडणातून, रागाच्या भरात झालेले. पण गोळी लागलेला माणूस दगावण्याचं प्रमाण चाकू लागलेल्याच्या सुमारे पाचपट. म्हणजे ‘पिस्तूल नसतं तर कोयता उचलला असता’ हे नाशिकच्या पंचवटीत काय, इथे काय, खरं असेलही; पण कोयत्याचा वार झालेला माणूस सिव्हिलमधून जिवंत परतण्याची शक्यता बरीच जास्त. 2021 साली लाखामागे खून भारतात 2.1, अमेरिकेत 7.8.

आता इथली खरेदी. परवानाधारक दुकानात फॉर्म 4473 भरायचा, दुकानदार एफबीआयच्या यंत्रणेकडे नाव तपासतो, उत्तर बहुधा काही मिनिटांत येतं. कामाचे तीन दिवस उलटूनही आलं नाही, तर केंद्राच्या कायद्याप्रमाणे दुकानदार बंदूक देऊ शकतो. चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये 2015 साली नऊ जणांना मारणाऱ्याला पिस्तूल असंच मिळालं होतं. शिवाय खासगी माणसाकडून घेतली तर केंद्राच्या कायद्यात तपासणीच नाही. काही राज्यांनी ती स्वतःहून घातली आहे. आणि बायकोच्या किंवा मित्राच्या नावावर घेऊन दिली, तर तपासणी होते ती भलत्याच माणसाची.

म्हणून नुसती तपासणी वाढवून फारसं हाती लागत नाही. कॅलिफोर्नियाने 1991 पासून खासगी विक्रीलाही ती लावली. पुढच्या दहा वर्षांत बंदुकीच्या खुनांत त्यामुळे फरक पडल्याचं दिसलं नाही. खरेदीआधी परवाना घ्यायची सक्ती मात्र वेगळी. पोलिसांसमोर स्वतः उभं राहायचं, मेरीलँडसारख्या राज्यात बोटांचे ठसे द्यायचे, प्रशिक्षण घ्यायचं. दुसऱ्यासाठी पिस्तूल नेणारे इथेच गळतात. मिसुरीने ही पद्धत 2007 साली मोडली. बंदुकीचे खून वाढले, बाकीच्या हत्यारांचे वाढले नाहीत. माझा भर याच दाखल्यावर आहे, कारण सगळीच गुन्हेगारी वाढली असती तर दोन्ही आकडे चढले असते.

ऑस्ट्रेलियाचा दाखला दोन्ही बाजू देतात. पोर्ट आर्थरच्या 1996 च्या हत्याकांडानंतर सरकारने सुमारे साडेसहा लाख बंदुका विकत घेतल्या. बंदुकीने होणाऱ्या आत्महत्या घटल्या. खून आधीपासूनच उतरत होते, त्यामुळे श्रेय किती द्यायचं यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही.

आत्महत्यांचा घोळ इथल्या आकड्यांतही आहे. 2021 साली अमेरिकेत बंदुकीने 48,830 माणसं गेली, त्यांतल्या 26,328 आत्महत्या. टीव्हीवर हे सगळं ‘गोळीबाराचे बळी’ म्हणून एकत्र येतं. तेव्हा आकडा दिसला की खून वेगळे काढा, लाखामागे किती ते पाहा, आणि कायद्याआधीची पाच-दहा वर्षं तपासा.

सीबीएस बसस्थानकाजवळच्या कोर्टातले तुमचे मित्र म्हणतील, 1909 ला विजयानंद थिएटरमध्ये नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या तेव्हा 1878 चा शस्त्र कायदा होताच की! होता. पण ती ब्राउनिंग पिस्तुलं कट करून लंडनहून आणलेली होती. इतक्या तयारीच्या माणसाला परवाना थांबवत नाही. नेहमीचे खून मात्र दारू, जमीन, उधारी, जुनं वैर यांतून होतात आणि हाताला येईल त्या वस्तूने होतात. आपल्याकडे परवाना मिळवणं अवघड असूनही गावठी कट्टा मिळतोच, तेव्हा तिथे अडवायचं तर तो बनवणारा आणि पोहोचवणारा.

काकूंना नमस्कार, चिरंजीवांना आशीर्वाद.

तुमचा,
अनिल