वैशू, मी नाशकात एकटी हिंडले

प्रिय वैशू,

तू फोनवर विचारलंस ना की सगळे पुण्याला गेल्यावर तू एकटी मागे नाशकात काय करत होतीस, तेवढ्यात तुझ्याकडे पाहुणे आले आणि बोलणं तिथेच राहिलं, म्हणून आज निवांत बसून सगळं लिहितेय. लांबेल बरं का, चहा घेऊनच बस.

दिवाळीची ट्रिप छान झाली. वणी, त्र्यंबक, शिर्डी, सगळं झालं. दोन गाड्या भरून माणसं, आईंचे गुडघे, पोरांच्या भुका, त्यामुळे सगळीकडे आपलं दर्शन घ्या, फोटो काढा, बसा गाडीत. त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही, एवढं गणगोत घेऊन फिरायचं तर असंच होतं, आणि गडावर देवीसमोर आईंना रडू आलं तेव्हा मी शेजारी होते यातच सगळं आलं. पण शेवटी ही मंडळी ताईंकडे पुण्याला निघाली, मला बँकेत हजर व्हायचं होतं, माझं रिझर्व्हेशन रात्रीच्या विदर्भ एक्सप्रेसचं, म्हणजे मधला अख्खा दिवस माझा. हे म्हणाले, लॉजवर आराम कर. मी बॅग काउंटरला ठेवली आणि रिक्षा करून थेट पांडवलेणी गाठली.

वैशू, तिथे मी किती वेळ होते सांगू नकोस कुणाला. 24 लेणी आहेत, त्रिरश्मी डोंगर म्हणतात त्याला, मुंबई-आग्रा हायवेला लागूनच. सकाळची थंडी, पायऱ्या चढून वर गेलं की खाली सगळं नाशिक पसरलेलं. तिसऱ्या लेण्याच्या व्हरांड्याखाली सहा यक्ष कोरलेत, अख्खं लेणं खांद्यावर उचलून धरल्यासारखे. आणि वर भिंतीवर ब्राह्मीत गौतमी बलश्रीचा लेख, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई ती. मुलगा गेलेला, नातू पुळुमावी राज्यावर, त्याच्या एकोणिसाव्या वर्षी हा लेख कोरलाय. मुलाच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं असं ती सांगते, शत्रूंची नावं सांगते, आणि त्यातच तो आईची अखंड सेवा करणारा होता हेही घालते. मी फोनवर भाषांतर उघडून एकेक ओळ वाचत होते. एवढ्या मोठ्या राजाचं कौतुक, पण मधूनच आई बोलते गं त्यात, मला तिथे गलबलून आलं.

आणि दहावं लेणं तर माझ्याचसाठी होतं असं वाटलं. हे क्षत्रपांचं, म्हणजे ज्यांना गौतमीपुत्राने नंतर हरवलं त्यांचं. त्यांचा राजा नहपान, त्याचा जावई उषवदात, त्याने हे लेणं भिक्खूंना दिलं आणि सोबत 3000 कार्षापणांची, म्हणजे तेव्हाच्या नाण्यांची, कायमची ठेव ठेवली, आणि ती कुठे ठेवली तर इथल्याच गोवर्धन गावच्या कोष्ट्यांच्या दोन श्रेण्यांकडे, म्हणजे त्यांच्या संघांकडे! एकीकडे 2000, दरमहा शेकडा एक व्याजाने, दुसरीकडे 1000, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायची नाही, फक्त व्याज वापरायचं, असं स्पष्ट लिहिलंय. पहिल्या ठेवीचं व्याज पावसाळ्यात तिथे राहणाऱ्या वीस भिक्खूंच्या कपड्यांसाठी, प्रत्येकी 12. मी तिथे उभ्या उभ्या हिशोब केला, 2000 वर महिन्याला 20, वर्षाला 240, आणि वीस जणांना बारा-बारा म्हणजे बरोब्बर 240! जुळलं! सुमारे 1900 वर्षांपूर्वीची एफडी अगं, आणि वर हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगरसभेत, ऐकवलं आणि फलकावर नोंदवलं हेही लिहून ठेवलंय. मी रोज तेच करते, ठेव, व्याज, नोंद, घरी त्याबद्दल सांगायला गेले तर कुणाला त्यात काय वाटणार. पण ज्याने तो लेख कोरून घेतला त्याला वाटलं होतं की हा हिशोब डोंगरात कोरून ठेवण्याइतका महत्त्वाचा आहे. मला फार बरं वाटलं वैशू. मागे कुणी 'चला आता' म्हणणारं नव्हतं म्हणून हे सगळं वाचून झालं, नाहीतर मीच पोरांना हाकत दुसऱ्या मिनिटाला बाहेर असते.

खाली येऊन मिसळ खाल्ली. काळ्या मसाल्याची तर्री वेगळ्या वाटीत, पापड, दही, पाव. वाढणाऱ्याने विचारलं, ताई अजून कोणी येतंय का, म्हटलं नाही, एकटीच आहे, तर त्याने मला खिडकीजवळचं टेबल पुसून दिलं.

मग पंचवटी. काळारामाला आम्ही सगळे आधीच जाऊन आलो होतो पण तेव्हा मी आईंचा हात धरून पायऱ्यांकडे बघत होते, देऊळ बघितलंच नव्हतं. सबंध काळ्या दगडाचं, भोवती ओवऱ्या, चार दिशांना चार दरवाजे. दर्शन आधीच झालं होतं म्हणून या वेळी मी बाहेरून चारही दरवाजे फिरले. तुला आठवतं, कॉलेजात 14 एप्रिलला तू भाषण केलं होतंस, 2 मार्च 1930, दलितांना या देवळात प्रवेश मिळावा म्हणून झालेला काळाराम सत्याग्रह? बाबासाहेब, दादासाहेब गायकवाड, आणि या चारही दरवाजांवर बसलेली माणसं, बायकासुद्धा. दरवाजे बंद करून घेतले होते आतून. पाच वर्षं चाललं ते, आणि दरवाजा उघडला नाहीच, मग 1935 मध्ये इथून जवळच येवल्याला बाबासाहेबांनी धर्म सोडायची घोषणा केली. तू तेव्हा बोलताना आवाज चढवला होतास आणि मागच्या बाकावरची पोरं गप्प झाली होती. मी त्या दरवाजाच्या दगडाला हात लावून उभी होते, दगड उन्हाने तापलेला, आणि लोक आपले पिशव्या सांभाळत सहज आत जात होते. तू हवी होतीस तिथे. दिवसभरात एवढ्या एका ठिकाणी मला एकटं असणं नको वाटलं.

तिथून चालत गंगेवर. नाशिकवाले गोदावरीला गंगाच म्हणतात, रिक्षावाल्यालाही 'गंगेवर सोडा' म्हटलं की कळतं. रामकुंडावर अस्थी घेऊन आलेले लोक, मुंडण केलेले मुलगे, बाजूलाच भेळवाले. एक आजोबा बसले होते, त्यांनी मला दुतोंड्या मारुती दाखवला. नदीतच उभा आहे तो, दोन्हीकडे तोंडं. पुराचं माप इथे त्याच्यावरून, पाणी कमरेला आलं की दुकानं हलवायला घेतात, गळ्याला आलं की सगळं गाव बघायला येतं. पलीकडे नारोशंकराचं देऊळ, त्याची ती मोठी घंटा 1739 च्या वसईच्या विजयानंतर आणलेली, पाणी तिथवर गेलं की मग महापूरच.

पूल ओलांडून भांडी बाजारात गेले आणि तिथे मात्र पैसे खर्च केले. हाताने ठोकलेला तांब्याचा तांब्या घेतला, ठोके एकसारखे नाहीयेत, बोट फिरवलं की कळतं. वजनावर देतात. दुकानदार काकांनी तीन तांबे काढले, प्रत्येकाला नखाने टिचकी मारून आवाज ऐकवला आणि म्हणाले, तुम्हाला कोणता बरा वाटतो तो घ्या, घाई नाही. मी खरंच घाई केली नाही.

मग बोळांतून फिरत तिवंधा चौकात आले. जुने लाकडी वाडे, काही पडलेले, काही नांदते. पाणी मागितलं त्या घरातल्या काकूंनी सांगितलं की या चौकाखाली रहाड आहे. म्हणजे पेशव्यांच्या काळापासूनचा जमिनीतला हौद, वर्षभर मातीखाली बुजवलेला, रंगपंचमीला उघडतात, पूजा करतात, रंगाचं पाणी भरतात आणि लोक त्यात धप्पा मारतात! आपण उभ्या असतो त्या रस्त्याच्या खाली, कळतसुद्धा नाही. गावात अशा आणखीही रहाडी आहेत. धुळवडीला नाही हं, नाशिकचा रंग रंगपंचमीलाच. काकू म्हणाल्या, या तेव्हा, गच्चीवरून बघा, आमच्याकडेच थांबा. ओळख ना पाळख, आणि नंबर दिला त्यांनी.

रात्री नाशिकरोडला विदर्भ मिळाली, जागा खिडकीची, पडल्या पडल्या झोप लागली, सरळ अकोल्याच्या जरा आधी जाग आली.

तर आता मुद्द्याचं. रंगपंचमीला तू आणि मी, दोघीच. घरच्यांना आधीपासून सांगून ठेव, मी रजेचा अर्ज याच आठवड्यात टाकते. मला तुला काळारामाच्या दरवाजावर न्यायचंय आणि रहाड बघायचीय. अमरावतीहून तू येशील तर अकोल्याला मी गाडीत चढते. तारखा बघून लगेच कळव. कोंडाजीचा चिवडा घेऊन ठेवलाय तुझ्यासाठी, सतीश भाऊजी येणार आहेत त्यांच्याबरोबर पाठवते.

तुझीच,
सुनीता