चांगथांगच्या कुरणांवर गाड्या घालू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लडाखला जाणारे आपल्याकडचे पर्यटक पँगाँग, त्सो मोरिरी, त्सो कार ही सरोवरे पाहून येतात. पण ती ज्या चांगथांग पठारावर आहेत, त्याविषयी ‘तिथे काही उगवत नाही’ याहून अधिक कोणी बोलत नाही. यंदा तेथे जाऊन आल्यावर हे पत्र लिहावेसे वाटले.

आपले दख्खनचे पठार लाव्हारसाचे थर साचून बनले. चांगथांग मात्र तिबेटच्या पठाराचाच पश्चिमेकडचा भाग असून, भारतीय भूखंड आशियाला धडकल्यामुळे ते उचलले गेले. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी सुरू झालेली ती धडक अजूनही चालूच आहे. साडेचार हजार मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ५७ टक्के उरतो आणि हिमालयाने पावसाळी वारे अडवल्याने पाऊस नावापुरता पडतो. बर्फ वितळून आलेले पाणी त्सो कारमध्ये उतरते, पण तेथून एकही नदी बाहेर पडत नाही. पाणी उन्हाने उडून जाते, मीठ मागे राहते आणि काठावर त्याची पांढरी साय धरते. जे मिठाचे, तेच आपण टाकलेल्या बाटल्यांचे आणि सांडपाण्याचे.

त्याच काठाजवळ छायाचित्रांसाठी आमच्या चालकाने रस्ता सोडून गाडी ओलसर कुरणात घातली. त्याला कोणीही अडवले नाही, मीही नाही. उतरून पाहिले तेव्हा पेराएवढे गवत मुळांसकट उलटले होते. शेजारी जुन्या गाडीची चाकोरी होती आणि तिच्यात एक पातेही उगवलेले नव्हते. तिथला उगवणीचा हंगामच मोजक्या महिन्यांचा, त्यामुळे मोडलेले गवत पुन्हा धरायला किती वर्षे लागत असतील, हा विचार तेव्हापासून मनातून जात नाही. चांगपा मेंढपाळांच्या पश्मिना शेळ्या याच गवतावर जगतात आणि काळ्या मानेचे क्रौंच याच दलदलीत घरटी करतात. त्सो मोरिरीला २००२ मध्ये आणि त्सो कार परिसराला २०२० मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, तो उगाच नव्हे.

सहली नेणाऱ्या संस्थांनी प्राणवायूच्या नळकांड्यांबरोबर एवढी सूचनाही द्यावी, की गाडी रस्त्यावरच उभी राहील आणि कचरा लेहपर्यंत परत येईल. प्रवाशांनीही चालकाला गाडी खाली घालण्याचा आग्रह करू नये, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक, सातारा