रत्नागिरीचा पारा म्हणजे कोकणचा पारा नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात रोज हवामानाची छोटी चौकट येते. त्यात कोकणच्या वाट्याला दोन नावे येतात, मुंबई आणि रत्नागिरी. फेब्रुवारी संपता संपता रत्नागिरीसमोर 33-34 अंश छापलेले असतात आणि त्याच दुपारी इथे देवरुखला आमच्या पडवीतल्या तापमापकाचा पारा 37-38 वर जाऊन बसलेला असतो. घरगुती उपकरणाचा हट्ट मी धरणार नाही. पण चौकट वाचून पुण्याचे नातेवाईक फोनवर "तुमचं बरं आहे, समुद्राची हवा!" म्हणतात, तेव्हा त्यांना समुद्र इथून पन्नासेक किलोमीटर लांब आहे, हे दरवर्षी नव्याने सांगावे लागते.

यात कोणाचा दोष आहे असे नाही. हवामान विभागाच्या कोकणातल्या जुन्या वेधशाळा पाहा. डहाणू, कुलाबा, अलिबाग, हर्णै, रत्नागिरी, सगळ्या समुद्राच्या काठाला. जहाजांसाठी आणि वादळांच्या सूचनांसाठी त्या तिथेच हव्या होत्या. सांताक्रूझ त्यातल्या त्यात आत, तर उन्हाळी दुपारी तिथला पारा कुलाब्यापेक्षा बहुधा दोन-तीन अंश वर असतो. मुंबईच्या मुंबईत एवढा फरक पडतो, तर महाड, खेड, चिपळूण, लांजा, कणकवली यांचे काय होत असेल?

शिमगा झाला की उन्हाळा, असा आमच्याकडचा जुना हिशेब. आता शिमग्यातली ग्रामदेवतेची पालखी घरी यायच्या आधीच अंगाची लाही होते. 2023 चा फेब्रुवारी कमाल तापमानाच्या बाबतीत देशात 1901 पासूनचा सर्वांत उष्ण ठरला. 2025 मध्ये 25-26 फेब्रुवारीला कोकणासाठी उष्णतेच्या लाटेचा इशारा आला आणि सांताक्रूझला पारा 38 च्या पुढे गेला. हवामान विभागाच्या कालगणनेत जानेवारी-फेब्रुवारी हा हिवाळा, म्हणजे उष्णतेची लाट आली ती हिवाळ्यात!

हे होते कसे, ते इथल्या कोणाही बागायतदाराला वाऱ्याच्या दिशेवरून कळते. एरवी सकाळी दहा-अकराला खारे वारे सुटतात आणि किनाऱ्यावर पारा थबकतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पूर्वेचा कोरडा वारा जोरात असला, की तो या खाऱ्या वाऱ्याला दुपारी दोन-तीनपर्यंत अडवून धरतो. त्या दिवशी रत्नागिरीही तापते. पण आमची गंमत वेगळीच. पूर्वेचा वारा सह्याद्री उतरून येतो, आणि कोरडी हवा खाली उतरताना दर 100 मीटरला साधारण एक अंशाने तापते. कोल्हापूर साडेपाचशे मीटरहून उंच आहे. तिथली 33 अंशांची हवा आंबा घाट उतरून पायथ्याला आली, तर वाटेत काही न मिसळता ती 37-38 अंशांची होते. घाटावर बसलेल्या माणसाला घाटाखालचा माणूस जास्त भाजतो हे पटत नाही, पण हिशेब तसा आहे. त्यात वाटेतले कातळाचे सडे, म्हणजे जांभ्या खडकाची उघडी पठारे. संध्याकाळकडे खारे वारे आमच्यापर्यंत पोहोचतात, पण तेही तापलेल्या जांभ्यावरून आलेले.

बरे, नुसती दुपार तापते असेही नाही. फेब्रुवारीत पहाटे इथे गोधडी लागते. पारा कधी 15-16 वर असतो आणि दुपारी 37. एका दिवसात वीस अंशांची उडी माणूस सोसतो, आंब्याची कणी, म्हणजे नुकते धरलेले बारीक फळ, सोसत नाही. मोहोर करपतो, वाटाण्याएवढी, सुपारीएवढी फळे गळून झाडाखाली सडा पडतो. जे टिकते त्याची उन्हाची बाजू भाजते. तापलेल्या जमिनीतून उठणारी झळ हे साक्याचे एक कारण मानले जाते, म्हणजे आंबा बाहेरून देखणा आणि कापल्यावर आत पांढरा, नासका. गिऱ्हाईक मग हापूसलाच नावे ठेवते.

हवामानावर आधारित फळपीक विम्याची भरपाई महसूल मंडळातल्या (म्हणजे काही गावांच्या गटातल्या) स्वयंचलित हवामान केंद्राच्या आकड्यांवर ठरते. एका मंडळात खाडीकाठचे गाव असते आणि डोंगराच्या कुशीतली वाडीही असते. केंद्र खाडीकडे असले, तर वरच्या वाडीतली होरपळ कागदावर उमटतच नाही. बागेत फळांचा सडा आणि कागदावर "तापमान मर्यादेत", असे उत्तर मलाही एकदा मिळाले आहे. कोणत्या कंपनीकडून, ते इथे लिहिण्याची गरज नाही.

किनाऱ्यावरच्या मंडळींचे सुख मात्र मी मोजत बसणार नाही. त्यांचा आकडा कमी दिसतो आणि घाम जास्त येतो. दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. नागपूर-अकोल्याचे लोक 45 अंशांत कूलर लावून बसतात आणि आमच्या 35 ला हसतात. तोच कूलर रत्नागिरीत लावून बघावा, खोलीत ओल वाढण्यापलीकडे काही व्हायचे नाही. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरला उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमात उष्माघाताने 14 जण गेले. जवळच्या केंद्रावर त्या दिवशी पारा 38 च्या आसपास होता. विदर्भात हा आकडा कोणी बातमीतही घेतला नसता. म्हणून तर किनारपट्टीला 37 अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त, असा उष्णतेच्या लाटेचा वेगळा निकष आहे. मैदानी भागाला तो 40 पासून सुरू होतो. देवरुख कशात धरायचे, किनाऱ्यात की मैदानात, हे मला अजून कोणी सांगितलेले नाही.

आतल्या कोकणचा एक आकडा खूप गाजला तो मार्च 2017 मध्ये. रायगड जिल्ह्यातल्या घाटपायथ्याच्या भिऱ्याला 46.5 अंशांची नोंद झाली, देशभर बातम्या झाल्या, मग त्या नोंदीवरच शंका घेतली गेली. शंकेचा आकडा पहिल्या पानावर आणि रोजचे साधे आकडे कुठेच नाहीत, अशी आमची अवस्था.

माझे मागणे मोठे नाही. मंडळ पातळीवरची स्वयंचलित केंद्रे राज्यभर उभी आहेत. त्यांतून महाड, चिपळूण, देवरुख, कणकवली एवढ्या चार ठिकाणांचे कमाल आणि किमान तापमान चौकटीत द्या, आणि किनाऱ्यावरच्या गावांसमोर आर्द्रता द्या. शाळा सकाळची कधी करायची, मजुरांना दुपारची सुट्टी किती द्यायची, झाडांना पाणी कधी सोडायचे, हे इथे पेपर बघून ठरवणारे लोक अजून आहेत. जागेची अडचण असेल तर राशिभविष्यातली एक रास गाळावी. माझी कन्या आहे, तीच गाळलीत तरी तक्रार नाही.

आपला,
एक बागायतदार वाचक
देवरुख, ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी