धावफलकात न दिसणारा खेळाडू

प्रति,
माननीय संपादक

विषय: बिल मॅझेरॉस्की यांची कारकीर्द आणि आपल्या स्पर्धांमधील क्षेत्ररक्षणाची नोंद

महोदय,

आपल्या दैनिकाच्या क्रीडा पानावर गेल्या महिन्यात गाजलेल्या अंतिम सामन्यांविषयी जो लेख आला, त्यात अमेरिकेतील बेसबॉलविषयी एक परिच्छेद होता. पिट्सबर्ग पायरेट्स संघाचे बिल मॅझेरॉस्की हे एका फटक्याने नाव कमावलेले खेळाडू, असे त्यात म्हटले होते. लेख मनापासून लिहिलेला होता आणि बेसबॉलला मराठी वृत्तपत्रात जागा मिळाली याचा मला आनंदच झाला. तरीही या एका वाक्याने सतरा हंगामांच्या कारकिर्दीवर अन्याय झाला, असे मला वाटते. गुहागर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत मी २८ वर्षे शारीरिक शिक्षण शिकवले आणि त्यातील बराच काळ मुलींचा सॉफ्टबॉल संघ सांभाळला. दुसऱ्या बेसवर, म्हणजे धाव काढताना क्रमाने गाठायच्या चार ठिकाणांपैकी दुसऱ्यापाशी, कसे उभे राहायचे हे मुलींना शिकवताना ज्या खेळाडूचा अभ्यास मी सर्वांत जास्त केला, तो हाच. म्हणून हे पत्र.

त्या फटक्याबद्दल वाद नाही. १३ ऑक्टोबर १९६० रोजी पिट्सबर्गच्या फोर्ब्स फील्ड मैदानावर वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे तिकडच्या अजिंक्यपदाच्या मालिकेचा, सातवा आणि निर्णायक सामना न्यूयॉर्क यांकीजविरुद्ध ९-९ असा बरोबरीत होता. नवव्या, म्हणजे शेवटच्या, डावाच्या उत्तरार्धात पहिलाच फलंदाज म्हणून आलेल्या, त्या वेळी २४ वर्षांच्या मॅझेरॉस्की यांनी राल्फ टेरी यांचा दुसराच चेंडू डावीकडच्या भिंतीपलीकडे धाडला आणि पायरेट्स १०-९ असे जिंकले. सातव्या सामन्याचा शेवट होम रनने, म्हणजे अशा मैदानाबाहेर धाडलेल्या फटक्याने, होण्याचे वर्ल्ड सिरीजच्या इतिहासातील हे एकमेव उदाहरण आहे. सातही सामने मिळून यांकीजच्या धावा ५५ होत्या आणि पायरेट्सच्या २७, हे लक्षात घेतले म्हणजे त्या विजयाचे मोल कळते. मैदानाची ती भिंत काही भागात आजही उभी आहे आणि दरवर्षी १३ ऑक्टोबरला पिट्सबर्गचे लोक तिच्यापाशी जमून त्या सामन्याचे रेडिओवरील धावते वर्णन पुन्हा ऐकतात.

परंतु हे गृहस्थ मैदानावर होते ते फटके मारण्यासाठी नव्हे. १९५६ ते १९७२ या काळात ते एकाच संघातून खेळले, त्यांची फलंदाजीची सरासरी .२६० होती, म्हणजे शंभर संधींमागे सव्वीस यशस्वी फटके, आणि संपूर्ण कारकिर्दीत त्यांचे होम रन १३८ भरले. हे आकडे चांगले असले तरी थोर म्हणावेत असे नाहीत. त्यांचा थोरपणा दुसऱ्याच आकड्यात आहे. ते १,७०६ डबल प्लेंमध्ये सहभागी होते आणि दुसऱ्या बेसवरील कोणत्याही खेळाडूने याहून अधिक डबल प्ले केलेले नाहीत. एकट्या १९६६ च्या हंगामात त्यांनी १६१ डबल प्ले केले; हंगाम असतो १६२ सामन्यांचा. उत्कृष्ट क्षेत्ररक्षणासाठीचा गोल्ड ग्लव्ह पुरस्कार त्यांना आठ वेळा मिळाला.

डबल प्ले म्हणजे काय, हे ज्यांनी बेसबॉल किंवा सॉफ्टबॉल पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगतो, कारण सगळा मुद्दा तेथेच आहे. पहिल्या बेसवर प्रतिस्पर्धी संघाचा एक धावणारा उभा आहे आणि फलंदाजाने चेंडू जमिनीवरून मारला आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभा असलेला शॉर्टस्टॉप तो चेंडू उचलून दुसऱ्या बेसकडे फेकतो. दुसऱ्या बेसचा खेळाडू आपल्या जागेवरून धावत तेथे पोहोचतो, चेंडू घेतो, बेसला पाय लावतो की एक गडी बाद. आणि लगेच वळून पहिल्या बेसकडे चेंडू फेकतो की फलंदाजही बाद. फलंदाज पहिल्या बेसवर पोहोचायला साधारण चार सेकंद घेतो, आणि एवढ्यात हे सगळे उरकावे लागते. यात सर्वांत कठीण काम मधल्या माणसाचे, कारण चेंडू समोरून येत असतो आणि तो जिकडे फेकायचा ती दिशा त्याच्या पाठीशी असते. त्याच पाठीमागच्या दिशेने धावणारा गडी त्याचे पाय उडवण्यासाठी जमिनीवरून घसरत अंगावर येत असतो. अशा घसरण्यावर अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलमध्ये कडक नियम आला तो २०१६ मध्ये, तोही आदल्या वर्षी अशाच एका धडकेत न्यूयॉर्क मेट्सच्या रुबेन तेहादा यांचा पाय मोडल्यानंतर. मॅझेरॉस्की यांच्या काळी असे संरक्षण नव्हते. बहुतेक खेळाडू अशा वेळी उडी मारून बाजूला होत असत. मॅझेरॉस्की मात्र पाय रोवून उभे राहत.

चेंडू त्यांच्या हातमोज्यात थांबतच नसे. मोज्याच्या तळव्यावर आदळून तो थेट उजव्या हातात जाई आणि तेथून पहिल्या बेसकडे निघे. चेंडू यांच्या हाताला लागतच नाही, अशा अर्थाचे टोपणनाव त्यांना पडले होते ते यामुळेच. मोजाही ते मुद्दाम लहान वापरत, कारण मोठ्या मोज्यात चेंडू शोधण्यात जो क्षण जातो तो त्यांना घालवायचा नव्हता. आमच्या शाळेत मी हे मुलींना रबरी चपलेवर शिकवले. डाव्या हाताच्या पंज्यात चप्पल सपाट अडकवायची, समोरून आलेला चेंडू तिच्यावर घ्यायचा आणि खाली पडण्याआधी उजव्या हाताने टिपायचा. चपलेने चेंडू पकडता येत नाही, त्यामुळे उजवा हात वेळेवर तेथे असावाच लागतो. पहिले पंधरा दिवस चेंडू अंगणभर होत असत, पण महिन्याभरात टप् टप् असा एक ठेका ऐकू येऊ लागे, आणि डोळे मिटूनही मला सांगता येई की कोणत्या मुलीचा हात बसला आहे.

मॅझेरॉस्की यांचे वडील खाणकामगार होते. त्यांना स्वतःला बेसबॉलपटू व्हायचे होते, पण खाणीतील अपघातात पाऊल गमावल्यावर ती आशा संपली आणि त्यांनी मुलाला तयार केले. सतराव्या वर्षी पायरेट्सशी करार झाला तेव्हा बिल शॉर्टस्टॉप होते. त्यांना दुसऱ्या बेसवर आणले ते पायरेट्सचे तेव्हाचे महाव्यवस्थापक ब्रँच रिकी यांनी, ज्यांनी याआधी ब्रुकलिन डॉजर्स संघात जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला घेऊन बेसबॉलमधील वर्णभेदाची भिंत पाडली होती. १९४७ मध्ये पहिल्या बेसवर पदार्पण केलेले रॉबिन्सनही १९४८ पासून दुसऱ्या बेसवरच खेळू लागले आणि १९४९ मध्ये अमेरिकेतील दोन प्रमुख बेसबॉल साखळ्यांपैकी एक असलेल्या नॅशनल लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरले.

१९६० च्या त्या सातव्या सामन्यात आणखी एक प्रसंग आहे, ज्याच्याविषयी मी मुलींना दरवर्षी सांगत असे. आठव्या डावात यांकीज ७-४ असे पुढे होते आणि पायरेट्सचा एक खेळाडू पहिल्या बेसवर होता. बिल व्हर्डन यांनी मारलेला चेंडू सरळ यांकीजचे शॉर्टस्टॉप टोनी क्युबेक यांच्याकडे गेला. तो अगदी डबल प्लेचा चेंडू होता. परंतु फोर्ब्स फील्डची जमीन कठीण म्हणून प्रसिद्ध होती. चेंडू अचानक उसळला आणि क्युबेक यांच्या गळ्यावर आदळला. त्यांना रुग्णालयात न्यावे लागले, दोन गडी बाद व्हायचे त्याऐवजी एकही झाला नाही, आणि त्या डावात पायरेट्सनी पाच धावा काढल्या. तो डबल प्ले झाला असता तर नवव्या डावातील तो प्रसिद्ध फटका मारण्याची वेळच कदाचित आली नसती. आमच्या सड्यावर खेळणाऱ्या कोणालाही हे समजावून सांगावे लागत नाही. कातळावर माती पसरून केलेल्या मैदानात एखादा खडा वर आला की चेंडू हनुवटीवर येतो, आणि तरीही खाली वाकायचेच असते. अशाच कठीण जमिनीवर मॅझेरॉस्की आपल्या कारकिर्दीतील बहुतेक घरचे सामने खेळले.

आता माझ्या मनात बरीच वर्षे असलेली गोष्ट सांगतो. आमच्या संघात दुसऱ्या बेसवर एक मुलगी होती. वडील होडीवर खलाशी, घरी दोन धाकटी भावंडे, आणि सकाळी मासळीची टोपली बाजारात पोहोचवून ती सरावाला येत असे. त्या वर्षी तालुका स्पर्धेच्या तीन सामन्यांत तिने पाच डबल प्ले पूर्ण केले. शालेय सॉफ्टबॉलमध्ये ही फार मोठी गोष्ट आहे. एकदा धावणारी मुलगी तिच्या पायावर आली, ती पडली, आणि पडता पडता तिने केलेली फेक पहिल्या बेसवर अचूक पोहोचली. पुढच्या स्पर्धेसाठी निवड करणाऱ्यांनी मात्र गुणपत्रक मागवले, त्यात प्रत्येक मुलीच्या धावा पाहिल्या आणि तिच्या नावापुढे दोन धावा दिसल्यावर तिला वगळले. मी विचारले तेव्हा मला सांगण्यात आले की, कागदावर जे आहे त्यावरच निर्णय घ्यावा लागतो. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. कागदावर डबल प्लेचा रकानाच नव्हता, आणि तो कागद मी स्वतःच भरून दिला होता. त्या दिवशी घरी जाताना एस.टी.त ती खिडकीशी बसून काही बोलली नाही, आणि तिला काय सांगावे ते मलाही सुचले नाही.

आपल्या कोकणात ही दृष्टी नाही असे मात्र म्हणता येणार नाही. गावोगावच्या कबड्डी स्पर्धांमध्ये उत्कृष्ट चढाईबरोबर उत्कृष्ट पकडीचे बक्षीस असते, आणि कोपऱ्यावरचा खेळाडू एका चांगल्या पकडीनंतर महिनाभर गावाच्या तोंडी असतो. चढाई करणाऱ्याइतकाच अडवणारा मोठा, हे आम्हाला कोणी शिकवावे लागले नाही. मग मे महिन्यात चाकरमानी गावी आले की ज्या टेनिस चेंडूच्या क्रिकेट स्पर्धा होतात, त्यांत उत्कृष्ट फलंदाज, उत्कृष्ट गोलंदाज आणि मालिकावीर एवढ्यावर बक्षिसे का संपतात? सीमारेषेवरून थेट फेक करून गडी धावचीत करणाऱ्याचे नाव दुसऱ्या दिवशीच्या बातमीत का नसते?

खुद्द अमेरिकेतही हे पटायला वेळ लागला. हॉल ऑफ फेम या बेसबॉलमधील थोर खेळाडूंच्या सन्मान-दालनात प्रवेशासाठी क्रीडा पत्रकारांची ७५ टक्के मते लागतात आणि मॅझेरॉस्की यांना ती कधीच मिळाली नाहीत. त्यांची फलंदाजी आड येत राहिली. शेवटी २००१ मध्ये ज्येष्ठांच्या समितीने त्यांची निवड केली, निवृत्तीनंतर २९ वर्षांनी. कूपरस्टाउन येथील समारंभात ते भाषणाला उभे राहिले, क्षेत्ररक्षणालाही हॉल ऑफ फेममध्ये जागा आहे अशा आशयाचे थोडे बोलले, आणि पुढे त्यांचा कंठ दाटून आला. लिहून आणलेले भाषण बाजूला ठेवून ते तसेच खाली बसले. त्या भाषणाविषयी मी प्रथम वाचले तेव्हा मला आमच्या एस.टी.तील ती मुलगी आठवली.

आपणांस माझी विनंती दोन गोष्टींपुरती आहे. स्थानिक स्पर्धांच्या बातम्या देताना धावचीत करणाऱ्या आणि झेल घेणाऱ्या खेळाडूंची नावे धावा व बळींच्या शेजारी छापावीत. जागा फार लागत नाही, आणि नाव छापून आले की मंडळेही पुढच्या वर्षी त्यासाठी बक्षीस ठेवतील. दुसरे असे की, शालेय सॉफ्टबॉल आणि बेसबॉल स्पर्धांचे निकाल आपल्याकडे येतात तेव्हा त्यांत डबल प्लेची नोंद आपण शाळांकडे मागावी. मी निवृत्त झालो असलो तरी आमच्या तालुक्याच्या स्पर्धेत गुणलेखक म्हणून अजून बसतो. या वर्षीच्या गुणपत्रकावर मी पट्टीने तो रकाना आखून घेतला आहे आणि स्पर्धा संपताच त्याची प्रत आपल्याकडे पाठवीन.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक
गुहागर तालुका, जि. रत्नागिरी